दिवाळीपासून तीन पोरं गेली. टिकत का नाहीत?

लेथवर_वाढलेला
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली. तेव्हा ऑइल इंजिनच्या पार्टांची कामं असायची. आता चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), तीन सीएनसी टर्निंग (तसेच लेथ) आणि बावीस माणसं. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. फार मोठं काही नाही, पण बँकेचा हप्ता आजवर चुकलेला नाही.

दिवाळीचा बोनस हातात पडला आणि एकामागून एक तीन पोरं गेली. तिघंही पंचविशीच्या आत. एक आयटीआय टर्नर, एक डिप्लोमावाला, आणि एक बारावी नापास, पण हात असा की बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, मोजायचा डायल न लावता सांगायचा, "मालक, दोन शतक अंडर हाय", म्हणजे मापापेक्षा केसभर लहान. पहिला चाकणला गेला. दुसरा शिरोलीत, म्हणजे माझ्यापासून अर्ध्या तासावर, दीड हजार जास्त मिळतात म्हणून. तिसऱ्यानं तर सांगितलंच नाही. फोन बंद. महिन्यानं त्याचा चुलता आला, पीएफच्या पोर्टलवर एक्झिट डेट टाका म्हणून.

चुकतंय कुठं ते सांगा. पगार सात तारखेच्या आत. ओव्हरटाइम दुप्पट दरानं. पीएफ, ईएसआय भरतो. दोन वेळचा चहा, शनिवारी वडा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सुट्टी. वडिलांच्या वेळची चार माणसं अजून माझ्याकडं आहेत, त्यातल्या एकाला सव्वीस वर्षं झाली. त्यांना हीच जागा चालते, मग पोरांना का चालत नाही? एक सेटर, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देणारा माणूस, तयार व्हायला मला दीड-दोन वर्षं जातात. तो तयार झाला की दुसऱ्याच्या गेटवर उभा.

वैतागून लिहिलंय, सांभाळून घ्या.

मिसळ_कट
सोमवार, रात्री ११:०५

सोपं आहे. गेटवर मोबाईल काढून घ्या, सगळी टिकतील. आमच्या वेळी कामावर मान वर करायला फुरसत नसायची.

शून्य_ऑफसेट
सोमवार, रात्री ११:१२

काका, मोबाईल काढून घेतले तर पहिल्यांदा मालक अडतील. ड्रॉइंग व्हॉट्सॅपवर, डिस्पॅचचा फोटो व्हॉट्सॅपवर, "उद्या फर्स्टला ये" हेही रात्री अकराला व्हॉट्सॅपवरच.

एसटी_पास
मंगळवार, सकाळी ७:५०

दादा, तुमच्या पहिल्या पोरासारखाच मी. शिरोलीतून चाकण, चाकणहून परत शिरोली. आता सेकंड शिफ्ट आहे म्हणून निवांत लिहितो.

आधी पैशाचा हिशोब मांडतो, कारण सगळ्यांना वाटतं पोरं पैशासाठी जातात. इथं मला हातात पंधरा पडायचे. चाकणला चोवीस. घरी सांगितलं तेव्हा आई दोन दिवस शेजारणींना चोवीस-चोवीस सांगत होती. तिकडं खोलीत आम्ही पाच जण, कॉट बेसिसवर माझे तीन हजार. मेस बत्तीसशे, आणि मेसमधली आमटी अशी की तळ दिसायचा. सकाळचा नाश्ता, चहा, रिक्षा, आजारपण, महिन्यातून एकदा गावी यायचं तर एसटीचं जाऊन-येऊन भाडं. शेवटी घरी सात-आठ पाठवायचो. कोल्हापुरात पंधरा मिळत असताना आईच्या हातात दहा द्यायचो, आणि वर घरचं जेवण. म्हणजे नऊ हजार जास्त कमवून घरी कमी देत होतो.

हे जायच्या आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं. आमच्या गल्लीतला एक जण तिकडून तोंड पाडून आला होता, त्यानं सगळं सांगितलं होतं. तरी गेलो.

कारण सांगतो. शिरोलीत दोन वर्षं मी एकाच मशीनवर एकच हाउसिंग लावत होतो. क्लॅम्प, दार लावा, सायकल स्टार्ट, दार उघडा, एअर मारा, प्लग गेज घाला, उतरवा. दिवसाला साठ-पासष्ट जॉब. टूल घासला की सेटरला हाक मारायची. ऑफसेट, म्हणजे मशीनमधली टूलच्या मापाची दुरुस्ती, सेटरच टाकणार. प्रोग्राममध्ये काही बदलायचं तर त्याला कुलूप लावणारी मेमरी प्रोटेक्टची किल्ली सेटरच्या खिशात. मी एकदा म्हणालो, आण्णा, मला जरा दाखवा की. आण्णा म्हणाले, "मालकास्नी इचार." मालकांना विचारलं तर म्हणाले, "आत्ता शिकवतो रे, आणि तू उद्या पळतोस."

त्या दिवशी ठरलं. आणि बघा, खरंच पळालो.

चाकणला सहा महिन्यांत मला टूल बदलायला, ऑफसेट टाकायला शिकवलं. कौतुक म्हणून नाही. तिकडं माणसं इतकी बदलतात की ज्याला-त्याला शिकवल्याशिवाय त्यांचं चालतच नाही. वडा नव्हता, पण किल्ली होती.

शून्य_ऑफसेट
मंगळवार, सकाळी ८:२०

+१. किल्लीवर वेगळा धागा निघेल. आमच्याकडं एका सेटरनं ती किल्ली जानव्याला बांधली होती. खोटं सांगत नाही.

लेथवर_वाढलेला
मंगळवार, दुपारी १:१५

एसटी_पास, मनापासून लिहिलंस, पण माझी बाजूही ऐक. स्पिंडल ठोकला तर दुरुस्तीचं बिल लाखात जातं आणि मशीन आठ-पंधरा दिवस उभं राहतं. त्या दिवसांत गिऱ्हाइकाची लाइन थांबली की डेबिट नोट मला येते, ऑपरेटरला नाही. किल्ली हौसेनं लपवून ठेवत नाही कुणी.

आणि शिकवलं की जातो हेही खरंच आहे ना? तू स्वतःच लिहिलंयस, शिकून परत आलास, पण जुन्या मालकाकडं नाही.

एसटी_पास
मंगळवार, दुपारी १:४०

तुम्ही शिकवलं असतं तर शिकण्यासाठी जावं लागलं नसतं, एवढंच म्हणतो. पुढचं मला माहीत नाही.

कावळा_नाक्यावरून
मंगळवार, रात्री ९:३०

एका मोठ्या फौंड्रीत नऊ वर्षं एचआर बघते. बोलताना अस्सल कोल्हापूरकर बाई, म्हणजे "मी जातो, मी येतो", पण इथं लिहिताना सांभाळते.

राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो. आमच्या फायली काढून बघा: "वैयक्तिक कारण", "घरगुती अडचण", पुन्हा "वैयक्तिक कारण". खरं कारण मला फॉर्मवर कधी मिळालेलं नाही. ते मिळतं सहा महिन्यांनी, लग्नात किंवा चहाच्या गाड्यावर भेट झाली की. पोराचा शेवटचा पगार आणि अनुभवाचा दाखला तुमच्या टेबलावर अडकलेला असताना तो तुमच्या तोंडावर खरं कशाला बोलेल?

दादा, तुमची यादी वाचली. चहा, वडा, सात तारीख. यावर फार जुना अभ्यास आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनशेच्या घरातल्या इंजिनिअर आणि हिशोबनीस मंडळींना विचारलं होतं, कामावर सगळ्यात बरं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी. १९५९ साली ते छापून आलं. वाईट वाटण्याच्या गोष्टींत पगार, साहेब, नियम, कामाची जागा. बरं वाटण्याच्या गोष्टींत मात्र हातून झालेलं काम, त्याची कुणी घेतलेली दखल, जबाबदारी, पुढं सरकणं. म्हणजे ही दोन वेगळी खाती आहेत. पगार उशिरा झाला तर माणूस चिडतो, पण वेळेवर झाला म्हणून तो आनंदानं नाचत नाही. तुमचा वडा पहिल्या खात्यात जमा होतो. एसटी_पासची किल्ली दुसऱ्या खात्यातली.

या अभ्यासावर नंतर टीकाही पुष्कळ झाली, कारण चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडं घेतो आणि वाईट झालं की साहेबावर ढकलतो. पण शॉपफ्लोअरवर मला त्याचा प्रत्यय येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त पटते. थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये मांडलं की माणूस हळूहळू नाराज होत-होत एक दिवस जातो, असं दर वेळी घडत नाही. पुष्कळदा एक धक्का बसतो. एखादा प्रसंग, एखादं वाक्य. तोवर त्यानं सोडायचा विचारही केलेला नसतो. एसटी_पासनं बरोबर तोच दिवस सांगितला: "तू उद्या पळतोस."

तुमच्या तिघांचा तो दिवस कोणता होता, ते आठवून बघा.

ऊस_टोळी
मंगळवार, रात्री १०:५५

ताई, धक्क्याचं म्हणालात म्हणून माझं सांगतो. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होतो, तीन वर्षं, एकही खाडा नाही.

आमचा दीड एकर ऊस. ज्यांचा ऊस आहे त्यांना माहीत आहे, तोड कधी येणार हे ब्रह्मदेवाला ठाऊक नसतं. कारखान्याच्या शेतकी खात्यात खेपा घाला, तोडीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरा, मुकादमाला फोन लावा. आणि एक दिवस रात्री आठला निरोप येतो, सकाळी टोळी येते. तेव्हा फडावर घरचं माणूस लागतंच. ट्रॅक्टर कुठून घालायचा, बांधावरचं झाड, वाडं, चहापाणी, ड्रायव्हरची एन्ट्री. वडलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

साहेबांना रात्रीच मेसेज टाकला, दोन दिवस पाहिजेत. सकाळी उत्तर: "ऊस महत्त्वाचा की ऑडिट?"

मी दोन दिवस फडावर राहिलो. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो तर गेटवर कार्ड चालेना. ब्लॉक केलं नव्हतं म्हणे, सिस्टीम डाऊन होती. खरंही असेल. पण मी गेटवरून परत फिरलो तो फिरलोच. आता गावात दूध संकलन आणि एक इन्शुरन्सचं काम करतो. पैसे कमी आहेत. ऑडिट नाही.

मिसळ_कट
मंगळवार, रात्री ११:१०

ऊस असेल तर ठीक. पण निम्मी पोरं भरतीच्या नादात सोडतात त्याचं काय? आमच्या शेजारचा पोलिस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळतो, कामावर जाऊन पेंगतो. चार वर्षं चाललंय.

रंकाळा_सायंकाळ
बुधवार, सकाळी ६:३०

त्यात हसण्यासारखं काही नाही काका. मी अकादमीत मुलं तयार करतो. पंधरा हजारांच्या नोकरीवर पोराला मुलगी मिळत नाही हो. वर्दी म्हटलं की स्थळं चालत येतात. २०२२ पासून अग्निवीर आलं, चार वर्षांची नोकरी आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्केच पुढं कायम, तरी पोरं पळायची थांबली नाहीत. एमआयडीसीतली नोकरी म्हणजे त्यांच्या घरात "तोपर्यंत". विचारा कुठल्याही आईला: पोरगं काय करतं? "तोपर्यंत कंपनीत जातंय."

कावळा_नाक्यावरून
बुधवार, सकाळी ९:०५

"तोपर्यंत कंपनीत जातंय" हे माझ्या ऑफिसच्या भिंतीवर लावायला पाहिजे.

कुपोला
बुधवार, दुपारी ४:२०

मी एकतीस वर्षं एका फौंड्रीत काढली. आता रिटायर. नाव घेत नाही, मालक देवमाणूस होता आणि नव्हताही.

आमच्या वेळी कुपोला होता. कोळसा, धूर, घरी गेलं की बायको अंगणातच बादली ठेवायची. आता इंडक्शन फर्नेस आलं, सँड प्लांट आला, स्पेक्ट्रोवर दोन मिनिटांत रिपोर्ट येतो. काम आमच्यापेक्षा बरं आहे, तरी आपली पोरं मोल्डिंगला, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) उभी राहत नाहीत. तिथं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं आहेत. ती नसली तर कोल्हापूरच्या भट्ट्या थंड पडतील, हे कुणी बोलत नाही. होळीला, छटपूजेला ती गावी गेली की बघा डिस्पॅचचे हाल.

तर आम्ही का टिकलो? मालक म्हणतात निष्ठा. निष्ठा कसली, उचल! बहिणीच्या लग्नाला उचल घेतली, ती फिटायच्या आत घराचा स्लॅब, तो फिटायच्या आत पोराचं ॲडमिशन. एकतीस वर्षांत मी मोकळा असा साधारण चौदा महिने होतो. सोडणार कसा? आणि बँक आम्हाला दारात उभी करत नव्हती. आता पोराला मोबाईलवर दहा मिनिटांत कर्ज मिळतं. त्याची मानगूट मालकाच्या हातात नाही, ॲपच्या हातात आहे. तो ज्याच्याकडं जास्त मिळेल तिकडं जाणार, हप्ता तर भरायचाच आहे.

दुसरं म्हणजे ग्रॅच्युइटी. १९७२ चा कायदा. पाच वर्षं भरली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, सव्वीसनं भागून. मला जे मिळालं त्यावर पोराचं लग्न झालं. आताच्या पोरांना पाच वर्षं एका जागी ठेवतंय कोण? अकरा महिने झाले की ब्रेक, पुन्हा नवा कागद.

धागाकर्त्याला एक विचारतो. राग मानू नका. गेलेली तीन पोरं तुमच्या रोलवर होती की कॉन्ट्रॅक्टरच्या?

लेथवर_वाढलेला
बुधवार, रात्री १०:१५

आबा, राग कसला.

दोन कॉन्ट्रॅक्टरच्या. डिप्लोमावाला माझ्या.

कुपोला
बुधवार, रात्री १०:२०

मग गेली कुठनं? ती तुमच्यात आलीच नव्हती.

हिंजवडी_रिटर्न
गुरुवार, दुपारी १२:१०

धागा मशीन शॉपचा आहे, पण माझंही घालते. सॉफ्टवेअर टेस्टिंग, पुण्यात चार वर्षं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन राजारामपुरीत परत आले. पगार पुण्याचा, जेवण आईचं, संध्याकाळी रंकाळा. दोन वर्षं स्वर्ग. मग मेल आला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. सगळ्यांना वाटतं मुली लग्नामुळं सोडतात. मी सोडली कारण माझ्या साहेबांनी कॉलवर सांगितलं, "तुमच्याकडं कोल्हापुरात तसाही फार खर्च नसेल ना, मग अप्रेझलचं एवढं काय?"

आता इथल्या एका छोट्या कंपनीत आहे, पगार जवळजवळ निम्मा. इथल्या मालकांनीही इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय विचारला असेल? "घर इथलंच ना? मग एवढे कशाला मागताय?"

म्हणजे पुण्याचा साहेब आणि कोल्हापूरचा मालक एकाच शाळेतले.

अवांतर: नाइट शिफ्टला मुली मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्या कंपन्यांनी आपली बस शेवटच्या गावापर्यंत सोडून बघावी. फाट्यावर रात्री अकराला उतरवून "मुली टिकत नाहीत" म्हणायचं.

शून्य_ऑफसेट
गुरुवार, दुपारी १२:४५

थांबा थांबा, हे फार मोठं सांगितलंत तुम्ही. याला नाव देतो: कोल्हापूर डिस्काउंट. घर स्वतःचं, दूध घरचं, तांदूळ शेतातला, म्हणून पगार कमी. म्हणजे माझ्या आज्ज्यानं बांधलेल्या घराचं भाडं कंपनी खाते.

कावळा_नाक्यावरून
गुरुवार, रात्री ९:५०

शून्य_ऑफसेट, हसत-हसत मुद्द्यावर आलात. मागच्या वेळी अर्धंच लिहिलं होतं, ते पुरं करते.

याच मिचेल आणि ली मंडळींनी २००१ मध्ये प्रश्न उलटा केला. लोक का जातात हे सोडून, लोक का थांबतात? किराणा सुपरमार्केटची साखळी आणि एक हॉस्पिटल, अशा दोन ठिकाणच्या कर्मचाऱ्यांवर त्यांनी अभ्यास केला. त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत मी "रुजणं" म्हणते. माणूस तीन गोष्टींनी रुजतो: किती माणसांशी बांधलेला आहे, त्या जागेशी किती जुळतो, आणि सोडलं तर काय-काय हातचं जाईल. आणि महत्त्वाचं म्हणजे हे तिन्ही कामाच्या आतही मोजायचं आणि कामाच्या बाहेरही, म्हणजे राहत्या गावात.

आता आपलं कोल्हापूर बघा. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटली की पोरगं म्हशीची धार काढायला घरी. शिवाजी पेठेतलं असेल तर तालमीत, फुटबॉलच्या मोसमात सामना. गावची म्हाई, भावकी, ग्रामपंचायतीची निवडणूक, मंडळाचा गणपती. बाहेरची मुळं इतकी खोल की चाकणचे चोवीस हजारही उपटायला कमी पडतात. एसटी_पास त्यामुळंच परत आला.

पण आतली मुळं? दादांच्या दुसऱ्या पोरानं कोल्हापूर सोडलं नाही. गोकुळ शिरगावातून शिरोलीत गेला. घर तेच, म्हैस तीच, तालीम तीच. दीड हजारात त्याचं काहीच तुटलं नाही. आपण मालक लोक, मी कंपनीच्या बाजूनं बोलते आहे, गावाच्या मुळांना आपली निष्ठा समजून बसलो आहोत. पोरगं कोल्हापुरात थांबलेलं असतं. आपल्याला वाटतं आपल्याकडं थांबलंय.

पंचगंगा_४३_फूट
गुरुवार, रात्री ११:३०

एक छोटी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, आठवत असेल. आमच्या घरात छातीएवढं पाणी. मी तेव्हा एका कंपनीत होतो. पाणी ओसरल्यावर गेलो तर ते दिवस माझ्या रजेतून वजा केलेले. शेजारच्या शेडमधल्या मित्राला त्याच्या मालकांनी पूर्ण पगार दिला, वर तांदूळ आणि चटई. तो मित्र अजून तिथंच आहे. आमच्या कंपनीतली माणसं पुढच्या दिवाळीपर्यंत पांगली. तेव्हा कुणी "पुरामुळं" असं लिहिलं नसणार.

नवा_ट्रेनी
शुक्रवार, सकाळी १०:००

कावळा_नाका ताई, एक विचारायचं होतं. मी मागच्या महिन्यात एक ठिकाण सोडलं, रीतसर नोटीस देऊन. शेवटच्या एकोणीस दिवसांचा पगार अजून नाही. "पुढच्या सायकलला बघू" म्हणतात.

कावळा_नाक्यावरून
शुक्रवार, सकाळी १०:४०

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वेतनसंहितेत राजीनामा दिल्यावरही दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा आहे. आधी लेखी मागा, मेलवर. नाही दिला तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. आणि कुपोला आबांसाठी: ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला आता एक वर्ष भरलं तरी त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. पाच वर्षांची अट त्याला नाही. तुमच्या अकरा महिन्यांच्या ब्रेकचं उत्तर मात्र त्यातही नाही.

नवा_ट्रेनी, पीएफ काढून टाकू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून नव्या ठिकाणी वळवून घ्या. पोरं दर नोकरीला पीएफ काढून मोबाईल घेतात आणि पेन्शनची दहा वर्षं कधीच भरत नाहीत.

मिसळ_कट
शुक्रवार, सकाळी ११:१५

हे सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षणातून पोरं घ्या की. पगार सरकार देतंय.

शून्य_ऑफसेट
शुक्रवार, सकाळी ११:३०

२०२४ मध्ये आलेली योजना. बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा हजार, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. आमच्याकडं चार जण आले होते. मुदत संपली तेव्हा मालकांनी त्यांना काय म्हटलं असेल? "नवीन बॅच कधी येतीय?" काका, फुकटच्या माणसाला किल्ली कोण देणार?

लेथवर_वाढलेला
तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:००

मंडळी, धागा वर काढतो. मधले दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं.

ताईंचा प्रश्न उलटा करून बघितला. सव्वीस वर्षं असलेले आमचे मामा, त्यांना जेवणाच्या सुट्टीत विचारलं, मामा, तुम्ही एवढी वर्षं का थांबलात? मला वाटलं वडिलांची आठवण काढतील. डब्यातली भाकरी मोडत म्हणाले, "थांबलोय कुठं मालक, घर कंदलगावात हाय न्हवं. सायकलीवर धा मिन्टं." वडिलांचं नावसुद्धा निघालं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

बारावी नापास पोराचा दिवसही सापडला. चुलत्याला फोन केला होता. दसऱ्याच्या आधी गिऱ्हाइकाचे लोक शॉप बघायला आले. एकानं विचारलं, हा बोअर इतका एकसारखा कसा येतोय? पोरगं तिथंच मशीनवर उभं होतं. मी म्हणालो, "आमचं मशीन नवीन आहे." मला तर आठवतही नव्हतं हे. मशीन नवीन होतंच, पण बाजूचंही नवीनच आहे आणि त्यावर रिजेक्शन दुप्पट आहे.

त्याला परत ये म्हणालो. "बघतो" म्हणाला. येणार नाही बहुतेक.

बाकी दोन गोष्टी केल्या. वर्ष झालेल्या तिघांना कॉन्ट्रॅक्टरकडून माझ्या रोलवर घेतलं. पगार आठ टक्के वाढवला, त्यापेक्षा जास्त आत्ता झेपत नाही, रेट गिऱ्हाईक ठरवतं. आणि किल्लीची नक्कल करून घेतली, गुजरीच्या तोंडाला बसतो त्या किल्लीवाल्याकडून, चाळीस रुपयांत. दर शनिवारी दुपारी दोन तास एक मशीन रिकामं ठेवतो आणि पोरं स्क्रॅप जॉबवर सेटिंग करतात. आमचे सेटर आण्णा पहिले दोन शनिवार रुसून बसले होते. "मग माझं काय काम?" त्यांना शिकवण्याचे वेगळे पैसे चालू केलेत, तरी अजून पुरते वळलेले नाहीत.

एसटी_पास
रविवार, सकाळी ११:२५

दादा, काही ठोकलं का कुणी अजून?

लेथवर_वाढलेला
रविवार, सकाळी ११:४०

ठोकलं की. कालच. एकानं जी ५४ मध्ये, म्हणजे जॉबचा शून्य बिंदू मशीनला सांगतात तिथं, झेडचं (उंचीचं) चिन्ह उलटं टाकलं. ड्रिल गेलं, फिक्सचरला खड्डा पडला. स्पिंडल वाचला, अंबाबाईची कृपा. ड्रिल तेवीसशेचं.

कुपोला
रविवार, दुपारी १२:०५

तुम्ही काय म्हणालात त्याला?

लेथवर_वाढलेला
रविवार, दुपारी १२:१०

आबा, खरं सांगू? तोंडात शिवी आली होती. आण्णा मध्ये पडले. म्हणाले, मी पण शहाण्णव साली असंच ठोकलं होतं, तुमच्या वडिलांनी बघितलंय. पोरगं मान खाली घालून निघून गेलं.

एसटी_पास
सोमवार, सकाळी ८:१५

आज आला का तो?

लेथवर_वाढलेला
सोमवार, सकाळी ८:३०

आला. सात वाजून पाच मिनिटांनी. लेट मार्क लावलेला नाही.